बाई जेवायला गेली नव्हती

गुलाबभाऊ,

परवा तुमची तेरवी झाली. पंगत उठल्यावर मी वहिनींच्या हाताखाली ताटं गोळा करत होते, तेव्हा त्या हळूच म्हणाल्या, "शैलाबाई, फुलसावंगीचं कोनीच आलं नाही ना वं?" मी म्हटलं, "लांब आहे, वहिनी. गाडी मिळाली नसेल." गाडी चांगली मिळते. फुलसावंगीचे लोक का आले नाहीत ते मला पक्कं ठाऊक होतं. वहिनींना ठाऊक नव्हतं. म्हणजे तुम्ही घरीसुद्धा सांगितलं नव्हतं, हे मला ती ताटं हातात धरून कळलं.

तुम्ही कुठे जन्मलात, किती शेत वाहत होतात, केंद्राचे अध्यक्ष किती वर्षं होतात, हे सगळं पत्रकात छापून येईल. तो मजकूर टाइप करायला माझ्याकडेच आला आहे, ते मी करीन. इथे मला एका दसऱ्याबद्दल बोलायचं आहे, चार डिस्कांबद्दल बोलायचं आहे, आणि माझ्यासाठी तुम्ही जे खोटं बोललात त्याबद्दल. तुम्ही असतात तर "जाऊ दे ना बाई" म्हणून उठून गेला असतात. आता उठून जायची सोय नाही, तेव्हा मुकाट्याने ऐका.

शेतकऱ्यांच्या तक्रारींचं आपलं केंद्र म्हणजे यवतमाळात एका कागदाच्या दुकानामागच्या दोन खोल्या. कापसाच्या त्या वाईट वर्षांत बाहेरगावचे पत्रकार आणि कॅमेरेवाले जिल्ह्यात सारखे येत होते. तुमचा त्यांच्यावर राग नव्हता, पण एकदा तुम्ही म्हणालात, "हे लोकं मानूस मेल्यावर येतेत. आपन पेरल्यावर जाऊ." आणि खरंच गेलात. बियाणं उगवलं नाही, बोंडं धरली नाहीत, अशी तक्रार आली की तुम्ही मोटरसायकलवर कॅमेरा घेऊन त्या शेतात हजर. बियाण्याच्या पिशवीवरच्या नंबराचा फोटो, खाडे पडलेल्या ओळींचा फोटो, शेतकरी आपल्या शेतात उभा आहे असा फोटो, पंचनाम्यावरच्या सह्यांचा फोटो. तक्रार ऐकणाऱ्या समितीपुढे तोंडी सांगितलेलं टिकत नसे, फोटो टिकत असे. ते फोटो सांभाळायचं काम माझं होतं. दुसरं काही कामच नव्हतं मला, खरं म्हणजे.

पहिल्या वर्षी एकच डिस्क होती आणि ती उन्हाळ्यात बसली. कळंब तालुक्याचा एक हंगाम गेला. तुम्ही एका शब्दाने रागावला नाहीत, उलट मला चहा पाजलात, आणि त्याचाच मला जास्त राग आला. मग मी हट्टाला पेटले. कार्यकारिणीपुढे तीनदा अर्ज ठेवून सर्व्हर मागवला. काळी उभी पेटी, तिला पुढून कुलपाचं दार, दारामागे चार खण आणि चार खणांत चार डिस्क.

"अन् याले काय म्हन्तेत?" तुम्ही विचारलंत.

"रेड."

"पोलिसाइची पडते ते?"

"ती नाही हो. चार डिस्क असतात, पण कॉम्प्युटरला एकच मोठी दिसते. चारांतली एक मेली तरी आतलं काही जात नाही."

त्या दिवसापासून तुम्ही त्या पेटीला रेडा म्हणायला लागलात. आल्याबरोबर टोपी काढून, "तुहा रेडा काय म्हन्ते, बाई? खाऊन-पिऊन हाय ना?" मला संताप यायचा. आता त्या खोलीत कोणी रेडा म्हणत नाही, सगळे सर्व्हर म्हणतात, आणि मला त्याचाही संताप येतो.

एक मेली तरी काही जात नाही, हे तुम्हाला पटेना. मी कागदावर तीन आकडे लिहिले आणि खाली बेरीज लिहिली. तीन डिस्कांवर हे तीन आकडे, चौथीवर बेरीज. तिघांतला एक आकडा पुसला तरी बेरजेतून उरलेले दोन वजा केले की तो परत मिळतो. शिवाय ही बेरीज एकाच डिस्कवर बसत नाही, प्रत्येक ओळीला जागा बदलते. तुम्ही कागद बराच वेळ पाहिलात.

"म्हन्जे तूर," तुम्ही म्हणालात.

"कसली तूर?"

"कपाशीच्या इतक्या ओळी गेल्या का मंग एक तुरीची राह्यते ना. कपाशी बसली तं तुरीवर भागते. पन बाई, तूर काही कापूस नोहे. तूर घरात आली म्हनून गेलेला कापूस वापस येते का?"

"इथे येतो."

"मंग मी सारी तूरच पेरली असती ना वं!" आणि तुम्ही असे हसलात की पुढच्या दुकानातून माणूस डोकावला. पण शब्द राहिला. पुस्तकात त्या बेरजेला मोठं इंग्रजी नाव आहे. आपल्या खोलीत ती तूर झाली, आणि मीसुद्धा नागपूरच्या दुरुस्तीवाल्याला फोनवर "तूर जुळत नाहीये" असं सांगून बसले होते.

चार डिस्कांची एक केल्यावर त्या एका मोठ्या जागेचे कप्पे पाडायचे होते, एका भागाला एक. मी म्हटलं, आधी यवतमाळ, मग कळंब, मग वणी, शेवटी फुलसावंगी. जवळून लांब, सरळ हिशेब. तुम्ही मान हलवलीत. तुमच्या गावात पंगतीला लांबून आलेल्यांची पानं आधी मांडतात, कारण त्यांना परत जायचं असतं. "फुलसावंगी पहिलं टाक. तेथचा मानूस सकाळी निंगते तवा दुपारी आपल्यापर्यंत येते." मी म्हटलं, डिस्कला काय कळतं कोण कुठून आलं ते. तुम्ही म्हणालात, "डिस्कले नाही कयत. तुले कयते ना?" मी फुलसावंगी पहिलं टाकलं. पहिला कप्पा म्हणजे चारही डिस्कांच्या अगदी सुरुवातीची जागा. त्याने पुढे काय होईल ते त्या वेळी आपल्या दोघांपैकी कोणाच्याच मनात आलं नाही.

भांडण आपलं एकच होतं आणि ते सतत होतं. तुम्हाला फोटोंची एक नक्कल वेगळी हवी होती, डीव्हीडीवर, आणि ती यवतमाळात नको होती. फुलसावंगीला पार्वताबाईंच्या घरी ठेवू, म्हणायचात. पार्वताबाई म्हणजे आपलं शेत स्वतः वाहणारी बाई. त्या गावातली पहिली तक्रार त्यांची आणि त्यांच्या मागोमाग आलेल्या बाकीच्यांचीही सगळी जुळवाजुळव त्यांचीच. तुम्ही घरचं बियाणं कधी एका कोठीत ठेवलं नाहीत, थोडं भावाकडे ठेवायचात. मी म्हणायचे, अहो, ही चार डिस्कांची भानगड मग कशाला केली? उंदीर खातील तिथे तुमच्या डीव्हीड्या. तुम्ही म्हणायचात, "चारी डिस्का एकाच घरात हायेत ना पन." मी म्हणायचे, तुम्हाला कळत नाही यातलं. हे मी तुम्हाला निदान दहा वेळा म्हटलं असेल. पेटीबरोबर आलेल्या पुस्तकात दुसऱ्याच पानावर चौकट आखून लिहिलं होतं की या रचनेला नक्कल समजू नये. ते पान मी वाचलं होतं.

मग तो दसरा. तुम्ही झेंडूची फुलं, हळद-कुंकू, नारळ आणि घरून आणलेला पाट घेऊन सकाळीच आलात. कॅमेऱ्याची पूजा झाली, मोटरसायकलच्या किल्लीची झाली, माझ्या कीबोर्डची झाली. पेटीपाशी आलात आणि थांबलात.

"याचं झाकन उघड."

"पेटीलाच लावा ना कुंकू."

"वखराची पूजा करतो तं पहिले लोखंडाची फास काढून धुतो आमी. लाकडाले कोन पूजते? काम तं आतले करतेत."

मला सांगता आलं असतं, आतल्यांना हात लावायचा नसतो. पण मला दाखवायचं होतं. गावाकडचा माणूस, इतक्या आदराने मागतो आहे, आणि ते कुलूप फक्त मला उघडता येतं. मी पेटी बंद केली, किल्ली फिरवली, खटके दाबले आणि चारही डिस्क एकामागून एक सरकवून पाटावर ठेवल्या. मीच. तुम्ही हात जोडून बसला होतात. तुम्ही प्रत्येकीला हळद-कुंकू वाहिलंत, फूल ठेवलंत, आणि काय पुटपुटलात ते मला ऐकू आलं नाही. नंतर मी कुंकू आत जाईल म्हणून एकेक डिस्क कापडाने पुसून एकीवर एक रचली. विजेची लाइन जायची वेळ झाली होती. त्या वर्षी लाइन जास्त वेळ जायची आणि थोडा वेळ यायची. मी घाईने वरपासून घेतल्या आणि खणांत घातल्या. डिस्कांवर नंबर टाकलेले नव्हते. "नंबर टाकून ठेव वं," असं तुम्ही पहिल्या आठवड्यातच म्हणाला होतात, आणि मी म्हटलं होतं, कोणती डिस्क कुठली ते पेटीतल्या कार्डाला आपोआप कळतं.

त्या कार्डाला कळत नव्हतं. पेटी सुरू केल्यावर पडद्यावर आलं की एक डिस्क अनोळखी आहे, ती नव्याने भरू का, होय की नाही. मी होय दाबलं. तेवढ्याने भागलं असतं. एकच डिस्क बिघडली होती, तुरीवरून ती परत मिळाली असती. पण दहा मिनिटांत लाइन गेली, पेटी मधेच बंद पडली, आणि लाइन आल्यावर पडद्याने विचारलं की जुनी मांडणी सापडत नाही, चारही डिस्क पहिल्यापासून नव्याने मांडू का. मी घाबरले होते. मी पुन्हा होय दाबलं. थोड्या वेळाने मला उमगलं की हे मांडणं म्हणजे पुसणं आहे, आणि मी भिंतीतून वायर उपटली. पुसणं पहिल्या कप्प्यापासून सुरू झालं होतं. फुलसावंगीच्या.

तुम्ही सगळा वेळ माझ्या शेजारच्या स्टुलावर बसून प्रसादाचं खोबरं चिरत होतात. दोन्ही वेळा होय दाबणारं माझं बोट तुम्ही पाहिलंत.

आठ दिवसांनी कार्यकारिणीची सभा झाली. इतिवृत्त लिहायचं काम नेहमीप्रमाणे माझ्याकडे. खजिनदारांनी विचारलं, मशीन कोणाच्या हातात होतं? मी पेन थांबवलं. बोलायला तोंड उघडलं होतं, हे मी शपथेवर सांगते, पण तुम्ही आधी बोललात.

"पूजा माही. डिस्का म्याच काढल्या, म्याच लावल्या अन् बटनबी म्याच दाबलं. बाई जेवाले गेलती."

माझा डबा त्या दिवशी कोपऱ्यातल्या टेबलावर न उघडता तसाच घरी परत गेला होता. ते मला माहीत होतं आणि तुम्हाला. मग एक जण म्हणाला, भाऊ, तुमच्यासारख्या माणसाने मशीनला हात लावायला नको होता. तुम्ही म्हणालात, "चुकलंच." आणि माझं पेन चालू लागलं. 'अध्यक्षांच्या हातून अनवधानाने', असं मी लिहिलं. सुंदर अक्षरात. अनवधानाने हा शब्द माझा, तुम्ही तो वापरला नव्हता. त्याच सभेत तुम्ही अध्यक्षपद सोडलंत, तेही मीच लिहिलं.

बाहेर नळापाशी मी तुम्हाला गाठलं. "काहून केलं असं?" मी तुमच्याच बोलीत विचारलं, इतकी मी भानावर नव्हते.

तुम्ही पाय धुत होतात. "तुले काढून टाकलं असतं ना आज. मंग बाकीचं कोन काढन? वणी हाय, कळंब हाय. मले तं रेडा चालूबी करता येत नाही."

"पण फुलसावंगीचे लोक तुम्हाला काय म्हणतील?"

"माहं मी पाह्यतो. तू काम कर."

घरी मी बाबांना सांगितलं. बाबांचं आयुष्य कचेरीच्या रेकॉर्डरूममध्ये गेलं. ते म्हणाले, त्यांनी आपणहून घेतलंय ना अंगावर? मग गप्प बस. लेखी कबुली कधी देऊ नये, आयुष्यभर मागे लागते. मी त्यांचं ऐकलं, असं मी इतके दिवस स्वतःला सांगत आले. ते खोटं आहे. बाबांनी मनाई केली नसती तरीही मी गप्पच बसले असते. मला माझी खुर्ची हवी होती आणि 'मशीनमधलं कळणारी' हे नाव हवं होतं.

पण काम मात्र केलं, भाऊ. ते तुम्ही पाहिलंत. आधी नागपूरहून चार कोऱ्या डिस्क आणल्या, जुन्यांच्या जशाच्या तशा नकला काढल्या, आणि मूळ चारींना पुन्हा हात लावायचा नाही असं ठरवलं. मग पूजेआधी त्या चार कोणत्या क्रमाने लागल्या होत्या ते शोधायचं. चार वस्तू चोवीस रीतींनी मांडता येतात. लाइन सकाळी सहा ते दहा असायची. तुम्ही सहाला गावाहून मोटरसायकलवर हजर, कानाला मफलर, खिशात जुन्या कॅलेंडरचं पान. त्याच्या पाठीवर तुम्ही चोवीस रीती एकाखाली एक लिहिल्या होत्या. एका सकाळी एक रीत, फार झालं तर दोन. लावायची, वाचायला लावायची, आणि फोटो उघडून पाहायचा.

क्रम चुकला की फोटो वरून थोडा बरोबर यायचा आणि खाली रंगीत चिंध्या. मला एकसारखेच दिसायचे सगळे. तुम्हाला तसे दिसायचे नाहीत. "हे वरतं वणीकडचं हाय. पानावर कोयशाची धूळ पाह्य. खालतं भलतंच काही." चिंध्यांतूनही तुम्ही माती ओळखायचात. एका सकाळी मी रडले. म्हटलं, सोडून देऊ, पुढच्या हंगामाचं बघू. तुम्ही कॅलेंडरच्या पानावर फुली मारलीत आणि म्हणालात, "आता तेरा राह्यल्या. रडनं झालं का तेरा मोजू." मला तुमचा इतका राग आला की मी त्याच सकाळी बारावीही लावली आणि तेरावीही.

एकोणिसाव्या रीतीला वणीकडचा एक माणूस पडद्यावर आला. टोपी, सदरा, हातात उपटलेलं रोप, शेतातल्या भेगा, सगळं. तुम्ही स्टूल पुढे ओढलंत.

"सप्पा दिसून राह्यला," तुम्ही म्हणालात. "चपलेपर्यंत दिसून राह्यला, बाई."

वणी परत आलं, कळंब आलं, यवतमाळ आलं. तुमची तूर उपयोगी पडली. त्या फोटोंवर किती जणांच्या तक्रारी टिकल्या ते तुम्ही पाहिलंत, आणि वणीच्या माणसाने आणलेले पेढे खाताना कोणाला दिसू न देता डोळे पुसलेत, तेही मी पाहिलं. फुलसावंगीचं मात्र एक रोपही आलं नाही. तिथे चारही डिस्कांवर पुसलं गेलं होतं, तुरीसकट. फोटो नाहीत म्हणून पार्वताबाईंची आणि त्यांच्या गावच्यांची तक्रार बंद झाली. त्यांच्या लेखी ते तुम्ही केलंत.

त्यानंतरही तुम्ही वर्षभर केंद्रात येत राहिलात, साधे सभासद म्हणून, मागच्या बाकावर. फुलसावंगीचा विषय मी काढला नाही आणि तुम्हीही नाही. कितीदा तरी शब्द तोंडाशी आला. तुम्ही "तुहा रेडा काय म्हन्ते?" विचारायचात आणि मी "ठीक आहे" म्हणायचे. मला वाटायचं, पुढे कधीतरी. तुम्ही असे एका सकाळी चहा पिताना जाल, हे माझ्या हिशेबात नव्हतं. मी तुमची आभारी आहे, भाऊ, आणि मला तुमचा रागही येतो. मला वाचवताना तुम्ही मला विचारलं नव्हतं. आणि मी तुम्हाला अडवलंही नव्हतं, तेव्हा राग तरी कोणत्या तोंडाने करायचा.

तेरवीनंतर, परवा संध्याकाळी घरी येताना मी ठरवलं. काल सकाळच्या गाडीने फुलसावंगीला गेले. बरोबर स्टीलचा डबा होता आणि डब्यात सगळ्या फोटोंच्या डीव्हीड्या, नंबर टाकून. तुम्ही म्हणत होतात ती नक्कल. आता ती दर महिन्याला निघते, पण ठेवलेली होती माझ्याच कपाटात, त्याच इमारतीत.

पार्वताबाई ओट्यावर अंबाडी निवडत होत्या. मला ओळखलं, बसा म्हणाल्या नाहीत. मी डबा ठेवला आणि सांगितलं की केंद्राचे फोटो आहेत, गुलाबभाऊंची इच्छा होती की एक नक्कल तुमच्या घरी असावी.

"याच्यात आमचे हायेत?"

"नाहीत."

"मंग दुसऱ्याइचे फोटो आमच्या घरी कायले?"

मी उभ्याने सांगितलं. डिस्क मी काढल्या, मी लावल्या, नंबर मी टाकले नव्हते, बटण मी दाबलं, दोनदा. नक्कल काढा म्हणून ते मागे लागले होते, मी काढली नाही. सभेत ते बोलले ते खोटं होतं आणि ते मी माझ्या हाताने वहीत खरं म्हणून लिहिलं. वाटेत एस.टी.त पाठ केलेलं सगळं विसरले, पण यातलं काही राहिलं नाही.

त्यांनी अंबाडीची जुडी खाली ठेवली. "मंग गुलाबभाऊ काहून बोलले नाही?"

"कारण मी बोलले नाही."

आतून त्यांची सून दारात येऊन उभी राहिली, तिला त्यांनी हाताने थांबवलं. मग म्हणाल्या, "ते आलते इथं. दिवाळी झाल्यावर. तुमी उभ्या हायेत ना, तेथंच उभे होते. माह्या हातून झालं, माफी द्या म्हने. म्या उत्तर नाही देल्लं. मंग ओट्याच्या कोपऱ्यावर बसले, घंटाभर. गावातले चार लोकं आले, पाह्यलं, चालले गेले. एवढ्या उनातून आलते ते. आमी पानीबी नाही इचारलं."

दिवाळीनंतर एकच सकाळ तुम्ही आला नव्हतात, भाऊ. अठरावी रीत लावायची होती. दुसऱ्या दिवशी मी विचारलं तर म्हणालात, काम होतं घरचं. आणि कॅलेंडरचं पान काढून समोर बसलात. ऊन लागल्यासारखा चेहरा होता, हे मला काल आठवलं. त्या सकाळी मी तुमच्यावर चिडले होते, लाइन वाया गेली म्हणून.

मी पार्वताबाईंना सांगितलं की रविवारी अकराला सभा आहे. मी उभी राहून हेच सांगणार आहे आणि वहीत दुरुस्ती करून खाली माझी सही करणार आहे. मला कामावर ठेवतील की काढतील ते त्यांच्यावर. ठेवलं तर पुढच्या पेरणीला कॅमेरा घेऊन पहिली फुलसावंगीला येईन, काढलं तरी येईन, स्वतःच्या तिकिटाने. ज्यांची तक्रार बंद झाली त्यांची पुन्हा उघडता येते का ते निघण्याआधी समितीच्या माणसाला फोनवर विचारलं आहे. कठीण आहे असं म्हणाले. नाही असं म्हणाले नाहीत.

"मी बी येईन सभेले," पार्वताबाई म्हणाल्या. "तुमी अर्धं बोलल्या तं उरलेलं मी बोलीन."

"या."

त्यांनी डबा उचलला, झाकण घट्ट आहे का ते दाबून पाहिलं आणि सुनेकडे दिला. "धान्याच्या कोठीवर ठेव, उंदराच्या हाती नोको लागू देऊ." मग माझ्याकडे वळल्या.

"गुलाबभाऊची घरवाली असते का घरी, सभा झाल्यावर?"

"असतात."

"मंग आमी चार-पाच बाया तिच्या घरी जाऊ," त्या म्हणाल्या. "दारात उभ्या राहू, अन् तिच्या हातचं पानी मागू. देल्लं तं पिऊ. नाही देल्लं तं घंटाभर ओट्यावर बसू."